वैदूच्या गैरहजेरीत

दर सोमवारी संध्याकाळी जयवंतच्या परळच्या खोलीत कॅरम बोर्ड उलटा मांडला जाई आणि त्यावर एक परदेशी खेळ रंगे. एकाने किल्ल्यांची, राक्षसांची गोष्ट सांगायची. बाकीच्यांनी तिच्यातली पात्रे होऊन निर्णय घ्यायचे. आणि ते तडीस गेले की फसले, हे फाशांनी ठरवायचे. गोष्ट सांगण्याचे काम जयवंतकडे होते. इस्पितळाच्या कचेरीतून थकून परतणाऱ्या त्या कारकुनाला आता तेही ओझे वाटू लागले होते.

सोमवार ठरला तो तुळशीदाससाठी. हिंदमात्याचे त्याचे साड्यांचे दुकान त्या दिवशी बंद असे. आठवडाभर तो गिऱ्हाइकांपुढे घड्या मोडी आणि पुन्हा घाली. बोर्डाभोवती मात्र तो वैदू होता. कुणाचे पात्र घायाळ झाले की फासे आधीच त्याच्या मुठीत असत. "पड आडवा, वैदू आलाय!" असे तो म्हणे, आणि सगळे त्याच्याकडे पाहत.

आई आजारी पडल्याने तो काही आठवडे आला नाही. अशा वेळी काय करायचे, हे इथे ठरलेले होते. तिथली बहुतेक मुले गिरणी कामगारांची. कायम कामगार रजेवर गेला की त्याच्या साच्यावर, म्हणजे मागावर, बदली कामगार उभा राहतो आणि तो परतला की बाजूला होतो, हे त्यांनी घरी ऐकले होते. त्याच रीतीने तुळशीदासचा वैदू दुसऱ्या कुणी चालवायचा होता. पण मृणालिनीने वेगळेच काढले. जुन्या गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या कचेरीत ती नोकरी करी आणि या मंडळात नवी होती. तिने एक पुरवणी छापून आणली. ती मूळ खेळ काढणाऱ्यांची नव्हती. कुणा तिऱ्हाइताने त्या खेळाला जोडलेली होती. तीत लढता लढता सर्वांच्या जखमा भरून काढणारी एक योद्धी होती.

"दादा, हीच घेते ना मी. मग वैदू लागतच नाही."

"नियम बरोबर आहेत ना?"

"सगळे वापरतात, दादा."

जयवंतने दोन पाने चाळली. वाद घालण्याचे त्राण नव्हते. "घे," तो म्हणाला.

आई सावरल्यावर तुळशीदास परतला. पहिल्याच झटापटीत जखमा झाल्या. त्याने फासे उचलले.

"झाल्या पण बऱ्या," मृणालिनी म्हणाली.

दुसऱ्यांदाही तेच झाले. "आयला, माझा दवाखानाच बंद पाडलास की!" तो म्हणाला. सगळे हसले, तोही हसला. मग चहा करायला म्हणून उठला आणि बोर्डाकडे परतलाच नाही. मोरीत कप विसळत राहिला.

जयवंत त्याच्यामागे गेला. "पुढच्या सोमवारी येतोस ना?"

"बघू. तुझं काय चुकलं नाय रे. मीच नव्हतो ना."

संप फसल्यावर जयवंतचे वडील गिरणीच्या फाटकावरून परतले होते. त्यांच्या साच्यावर दुसरा माणूस उभा होता. तेही घरात हेच म्हणाले होते, कुणाचाही राग न करता. जयवंतला त्या शांतपणाची तेव्हापासून भीती वाटे.

त्याने बाहेर येऊन पुरवणी बंद केली. "ही आता वापरायची नाही."

"तेव्हाच नाही म्हणायचं होतं!" मृणालिनी उसळली. "इतके आठवडे मी या योद्धीला वाढवलंय, दादा."

"खरं आहे. मी वाचली नाही, आणि जो इथे नव्हता त्याला विचारलंही नाही. त्यात तुझा दोष नाही."

तिने आपला कागद पुढे ओढला. मग योद्धीची औषधविद्या तिने स्वतःच खोडली, तलवार ठेवली.

पुढच्या सोमवारी तुळशीदास आला. पहिला घाव मृणालिनीलाच बसला. फासे त्याच्यासमोर होते. त्याने हात पुढे केला नाही. आधी तिच्याकडे, मग जयवंतकडे पाहिले.

"करू ना मी?" त्याने विचारले.