धूलकोटवालीचं पार्सल

आमचे दाजी स्वर्गाच्या दाराशी जातील तेव्हा पाऊल टाकायच्या आधी आत काय काय आहे त्याची यादी मागतील, आणि मोजताना एक अप्सरा जरी कमी भरली तरी तिथूनच परत फिरतील. दाजी म्हणजे माझ्या नणंदेचे यजमान, आमची दोन्ही बिऱ्हाडं एकाच वाड्यात. आमचे हे त्यांना दाजी म्हणतात म्हणून सगळं घरच म्हणतं. उभा जन्म त्यांनी बऱ्हाणपूर स्टेशनच्या पार्सल ऑफिसात काढला. केळीच्या घडांपासून लग्नातल्या कपाटापर्यंत सगळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या, आणि रिटायर झाल्यावर चिकटवायला काही उरलं नाही म्हणून घराकडे वळले. मिठाच्या बरणीवर ‘मीठ’ लिहिलं, ते एक वेळ ठीक. पण तुळशीच्या कुंडीवर ‘तुळस, एक नग’ लिहिणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. नोकरीत होते तेव्हा जेवणाच्या डब्यातसुद्धा यादी लागायची. एकदा यादीत तीन मिरच्या होत्या आणि नणंदेनं प्रेमानं चौथी टाकली, तर डबा तसाच घरी परत. जास्त माल हीसुद्धा चूकच, म्हणाले. त्या दिवशी नणंदेनं त्या चारही मिरच्या त्यांच्या वरणात वाटून घातल्या, यादी न देता.

मग त्यांना वाचनालय सापडलं. त्या वर्षांत आसपासच्या लहान लहान वाचनालयांची जुनी पुस्तकं एकत्र जोडायचं काम निघालं होतं. पानापानाचे फोटो काढायचे आणि एका मोठ्या ग्रंथालयाच्या कॉम्प्युटरातल्या भांडारात पाठवायचे. दाजी तिथे बिनपगारी कामाला लागले. घरी येऊन ते नणंदेला मोठ्यानं समजावायचे, म्हणजे भिंतीपलीकडे मलाही ऐकू यायचं: एका पुस्तकाचा एक फोल्डर, त्यात सगळी पानं, एक कागद पुस्तकाचं नाव, कर्ता आणि ठिकाण सांगणारा, आणि एक यादी, आत काय काय ठेवलं त्याची. यादी आणि माल जुळला तर भांडार आत घेतं, नाहीतर अख्खं गाठोडं दारातून परत. आपल्यासारखा स्वभाव जगात आणखी कुणाचा आहे हे दाजींना साठीत कळलं, आणि ते त्या मशीनच्या प्रेमातच पडले. एक पुस्तक तीन दिवस आत जाईना. शेवटी कळलं, फाइलच्या नावात दोन शब्दांमध्ये मोकळी जागा राहिली होती, तिथे खालची रेघ हवी होती. नावात फट ठेवली की माल गळतो, हे तेव्हापासून त्यांचं ब्रह्मवाक्य. त्याच साली मुलीचं लग्न होतं. पत्रिकेत सगळ्यांची नावं-आडनावं खालच्या रेघेनं जोडून छापली. लोकांना वाटलं गाळलेल्या जागा भरायच्या आहेत. एक मामा तर पेन घेऊन बसले. गाठोडं भांडारानं घेतलं की दाजी ‘माल चढला’ म्हणत माव्याची जिलबी घेऊन घरी यायचे. पाठवलेलं एकही पार्सल आपण कधी परत मागवलं नाही, हे ते जिलबीबरोबर दर वेळी ऐकवायचे.

इथपर्यंत हसू येतं. पुढचं आठवलं की अजून डोकं तापतं.

माझी आई इच्छापूरला सुईण होती. तिला लिहिता येत नव्हतं. मी चौथी झाले, अक्षर बरं होतं, तर ती सांगायची आणि मी वहीत लिहायची: कुणाच्या घरी, मुलगा की मुलगी, डोकं आधी आलं की पाय, पाऊस होता की ऊन, बाळ कधी रडलं. न रडलेल्या बाळाचंही ती लिहायला लावायची. आई गेल्यावर ती वही माझ्या पेटीत आली. नणंदेनं दाजींना सांगितलं, आणि खोटं कशाला बोलू, दाजींनी ती वही धुतलेल्या पंच्यात गुंडाळून नेली. पान फाटू नये म्हणून पोस्टकार्डाच्या कडेनं उलटायचे, असं नणंद सांगायची.

कागदावर लिहायला कर्ता कोण, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी चुलीपाशी होते. त्यांच्यासमोर मी कधी बोलले नव्हते. डोक्यावर पदर, आणि उत्तर द्यायचंच झालं तर नणंदेच्या खांद्याला द्यायचं. नणंदच म्हणाली, हिची आई, गावात धूलकोटवाली म्हणायचे. नाव माझ्या जिभेवर होतं. मी पोळी उलटली.

महिन्याभरानं नणंदेनं मोबाइलवर दाखवलं. जन्मांची वही. ठिकाण: धूलकोट. कर्ता: अज्ञात.

अर्धं इच्छापूर जिच्या हातावर जगात उतरलं ती अज्ञात. ज्यांची नाळ तिनं कापली ते बाप्ये मोठे होऊन आपल्या बायकांसाठी बोलवायला यायचे तेही ‘ए धूलकोटवाली, चल’ म्हणतच. तिच्या तेराव्याला जेवता जेवता एकानं विचारलं होतं, बाईचं नाव काय होतं हो. तो सगळा राग मला त्या दिवशी एकदम आला. गावाचा आला, दाजींचा आला, पोळी उलटणाऱ्या माझा तर सगळ्यात जास्त. तव्यावरची पोळी तशीच टाकली, फोटो काढून परत आलेली वही पेटीतून घेतली, आणि चालत वाचनालयात गेले.

दाजी फोटो मोजत होते. मला एकटीला बघून उभेच राहिले. मी त्यांना जन्मात पहिल्यांदा तोंडावर बोलले.

“दाजी, माझी आई गाव नाही.”

ते म्हणाले, “सगळी पानं मी बघितली. वहीत तिचं नाव कुठेच नाही. मालावर नाही ते लेबलावर कसं लिहू?”

“मग धूलकोट कोणत्या मालावर होतं? नऊ वर्षांची असताना लग्न होऊन तिथून निघाली ती. एक बाळंतपण तिथे केलं नाही तिनं. तुम्ही मिरची मोजता, दाजी, आणि अख्खी बाई गाळून राहिले.”

दाजींनी माझ्या हातातली वही घेऊन उघडली. पेनाचं टोपण काढून पेन माझ्यापुढे केलं. वहीचं पहिलं पान कोरं होतं, त्यावर मी लिहिलं: सांगणारी, कौतिकबाई, सुईण, इच्छापूर. आडनाव विचारलं तेव्हा मी म्हटलं, आडनाव घेऊन कुणी बोलवायला आलं नाही. त्यांनी ती जागा सोडून दिली. शाई वाळेपर्यंत थांबले, त्या पानाचा फोटो काढला, यादीत एक पान वाढवलं. मग मोठ्या ग्रंथालयाला चिठ्ठी लिहिली की पार्सल माझ्या चुकीमुळे परत पाठवावं. ‘माझ्या’ या शब्दावर बराच वेळ अडले, पण लिहिला.

“आणि लिहिणारीचं नाव?” त्यांनी विचारलं.

तीस वर्षं मी त्यांच्या ताटात वाढत होते, पण नावानं हाक मारायची वेळ कधी आली नव्हती. मंदा, म्हणाले मी.

“लिहिलं तेव्हा काय होतं?”

मंदा हे सासरी ठेवलेलं. वही लिहिली तेव्हा मी वेणू होते. मग त्यांनी तेच लिहिलं.

लेबलावर जे लिहिलं तेच खरं मानणारा माणूस. दुसऱ्या दिवशी ओसरीवरून त्यांनी हाक मारली, “वेणू, पाणी आण.” आमचे हे घाबरून बाहेर आले, वेणू कोण म्हणून. आता नणंद नाही. दाजींना बरण्यांवरच्या चिठ्ठ्या दिसत नाहीत, साखरेच्या जागी मीठ घेतात. राग माझा गेलेला नाही. पण त्या नावानं मला हाक मारणारं आता दुसरं कुणी उरलं नाही, म्हणून ओसरीवरून हाक आली की हातातलं काम टाकून मी ओ देते.