पार्सनने घेतलेलं शेवटचं नाव

ऑर्व्हिल प्रेस्कॉडला लंडनच्या लेटन भागात कोणी ऑर्व्हिल म्हणत नसे. त्याची आई तेवढी म्हणायची, तीही रागावली की. बाकी सगळ्यांसाठी तो पार्सन. त्याचे वडील आमच्या चर्चमध्ये दर रविवारी दोन-दोन तास प्रवचन करायचे, आणि पोरगा त्यांच्यासारखाच भरदार, खालच्या पट्टीतल्या आवाजाचा निघाला. फक्त तो आवाज त्याने देवाच्या नाही, रेकॉर्डींच्या कामी लावला. वडिलांनी हे मरेपर्यंत माफ केलं नाही.

मी बर्नडेट. नव्वदच्या दशकात आमचा एक चोरटा, बिनपरवान्याचा रेडिओ होता, तिथे मी फोन घ्यायचे. चौदाव्या मजल्यावरच्या रिकाम्या फ्लॅटचं स्वयंपाकघर हा आमचा स्टुडिओ आणि गच्चीवर एरियल. बॅरी स्कुडर रेकॉर्डी लावायचा. आठवडाभर लोकांच्या भिंतींना प्लास्टर करणारा हा माणूस, शनिवार-रविवार मात्र स्वतःला राजा समजायचा. पार्सन माइकवर, आणि मी सिंकला टेकून कानाशी फोन धरून, कोणाकोणाचं नाव रेडिओवर घ्यायचं त्याच्या चिठ्ठ्या लिहायचे. चिंगफोर्डच्या दोघी बहिणी. बेकरीतला ‘पावकिलो’. जेलच्या मागच्या इमारतीतला एक जण, तो नाव सांगायचाच नाही, नुसतं ‘तिसरा मजला’ म्हण म्हणायचा.

पार्सन चिठ्ठी एकदा बघायचा आणि खिशात टाकायचा. मग बराच वेळ काहीच नाही. मला वाटायचं, विसरला. आणि मग ढोल थांबून बासचा खालचा घुमार परत यायच्या आधी जो एक श्वासभर मोकळेपणा असतो, तिथे तो ते नाव ठेवायचा. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा, मग नाव त्याचं असो नसो. गोदामांतल्या मोठ्या नाचांतही तो असाच वागायचा. पाच हजार माणसं घामाने निथळत असताना हा सांगणार, पाणी डाव्या हाताला आहे, शेजारच्याकडे लक्ष ठेवा. बास, एवढंच. दुसरे एमसी, म्हणजे माइकवाले, बडबडून रेकॉर्डीचा जीव घ्यायचे. पार्सन म्हणायचा की गाण्याला बोलू द्यावं, आपण मध्ये नुसती मान डोलवावी.

लोकांना एखादा तुकडा फारच आवडला की ते भिंती बडवायचे, ‘मागे घे’ म्हणून ओरडायचे, आणि मग बॅरी हाताने रेकॉर्ड सर्रकन मागे ओढून पहिल्यापासून लावायचा. याला आम्ही रिवाइंड म्हणतो. रिवाइंड मिळाला की एमसीने तीच ओळ पुन्हा म्हणायची, पहिल्यापेक्षा दुप्पट जोरात. यापेक्षा मोठा मान आमच्यात दुसरा नाही. अजूनही नाही.

रेडिओवर एक नियम मात्र मी स्वतः घालून दिला होता. घरच्या माणसांची खरी नावं घ्यायची नाहीत. सरकारी लोक ऐकत बसायचे, नावावरून घर सापडलं तर सगळं सामान उचलून नेलं असतं. म्हणून शहाण्णवमध्ये पार्सनला मुलगी झाली तेव्हा त्याने तिचं नाव घेतलं नाही. मुलगी दोन वर्षांची असताना तिची आई तिला घेऊन नॉटिंगहॅमला गेली. भांडण कशावरून ते मला ठाऊक आहे, पण सांगणार नाही. दोघांचंही चुकलं होतं.

पुढे दिवस बदलले. जंगल नावाचं आमचं संगीत गेलं आणि गराज नावाचं नवं आलं. ज्या पोरांनी कधी बुटाला पॉलिश केलं नव्हतं ती सूट घालून क्लबच्या दारात उभी राहायला लागली. पार्सनने तिथेही कसंबसं निभावलं. पण त्यानंतर जी पोरं आली त्यांच्या वह्या लिहून आणलेल्या ओळींनी भरलेल्या असायच्या. प्रत्येकाने सोळा ओळी फेकायच्या, माइक पुढच्याला द्यायचा, त्याने आधीच्याची आई-बहीण काढायची. रेकॉर्ड मागे वाजत असते याची कोणाला फिकीर नाही. मला ती पोरं वाईट वाटली नाहीत. त्यांच्या रागात दम होता. पण त्या रांगेत पार्सनची पाळी आली तेव्हा तो नेहमीसारखा जागा शोधत थांबला. एका पोराने हळूच त्याच्या हातातून माइक काढून घेतला आणि म्हणाला, “अंकल, तुम्ही काही बोलतच नाही.”

पोरगं उद्धट नव्हतं, म्हणून तर ते जास्त लागलं. त्या दिवसानंतर पार्सनने माइक धरला नाही. म्हाताऱ्यांना दवाखान्यात पोहोचवणारी कौन्सिलची गाडी तो चालवू लागला. तो पंधरा वर्षं तेच करत राहिला, आणि लोक म्हणायचे, हा ड्रायव्हर भला आहे पण मुका आहे.

घशाचा कॅन्सर निघाला तेव्हा उशीर झाला होता. स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. तारीख दहा दिवसांवर होती.

हे कळल्यावर त्याची मुलगी रोशेल आली. एकवीस वर्षांची झालेली, बापासारखीच उंच, बापासारखीच कमी बोलणारी. माझ्या स्वयंपाकघरात बसून तिने सांगितलं की तिने डॅडीच्या सगळ्या जुन्या टेपा इंटरनेटवरून मिळवून ऐकल्यात. एकोणचाळीस टेपा.

“आंटी, त्याने अख्ख्या लंडनची नावं घेतलीत,” ती म्हणाली. “पावकिलो कोण आहे?”

मी सांगितलं.

“पावकिलोचं नाव सोळा वेळा आहे. माझं एकदाही नाही.”

मी तिला नियमाची गोष्ट सांगितली. नियम कोणाचा होता तेही सांगितलं. तिने मान हलवली, रागावली नाही. तिला एवढंच हवं होतं की आवाज जायच्या आधी त्याने एकदा तिचं नाव घ्यावं आणि ते तिच्याजवळ राहावं. त्यात अवघड काय, असं मला वाटलं.

अवघड होतं. रोशेल फोन समोर धरायची आणि पार्सनच्या तोंडाला कुलूप लागायचं. दवाखान्यात रुग्णांचे आवाज रेकॉर्ड करून ठेवणाऱ्या बाईंनीही प्रयत्न केला, वाचायला वाक्यं दिली. माइक दिसला की हा म्हणायचा, “एक, दोन. एक, दोन.” आवाज तपासायची आयुष्यभराची सवय. तीन दिवसांत रोशेलकडे बापाच्या आवाजात एक-दोन एवढंच जमा झालं. मी त्याला चांगलं फैलावर घेतलं. अरे, नावच तर घ्यायचंय पोरीचं, त्यात लाजायचं काय? तो खरखरत म्हणाला, “बर्न, तिचं नाव कोरडं नाही घेता येणार मला. रेकॉर्ड लाव.”

मग रविवारी दुपारी माझ्या बैठकीत मांडामांड केली. रोशेलचं म्हणणं होतं की आपण चौघंच असावं. मला ते पटलं नाही. समोर माणसं नसली तर एमसीने बोलायचं कोणाशी? मी तिचं न ऐकता फोन फिरवले. चिंगफोर्डच्या दोघी बहिणी आल्या, आता दोघींचे गुडघे गेलेत. पावकिलो आला, टक्कल पडलेला, केक घेऊन. आणखी पाच-सहा जण. मी मासे तळले, ओव्हनमध्ये मॅकरोनी भाजली. बॅरीने जुने स्पीकर आणि रेकॉर्डींच्या पेट्या आणल्या. टेप रेकॉर्डर थेट माइकला जोडतो म्हणाला, पण त्या डबड्याने पहिलीच कॅसेट खाल्ली. शेवटी रोशेलचा फोनच शेल्फवर ठेवला. शेल्फ माझ्या खुर्चीच्या अगदी वर होतं.

पार्सनने इस्त्रीचा शर्ट घातला होता. गळ्याला मफलर. बॅरीने मुद्दाम संथ रेकॉर्ड निवडली, घशाला ताण पडू नये म्हणून. माइक हातात आल्यावर त्याचे खांदे सरळ झाले. तो नुसता उभा राहिला आणि मान डोलवू लागला. आम्ही सगळे त्याच्या तोंडाकडे बघतोय आणि हा गाण्याला बोलू देतोय. पहिली रेकॉर्ड संपत आली. दुसरी सुरू झाली. बहिणींपैकी धाकटी रडायला लागली होती. मी मनात म्हणत होते, घे रे बाबा आता, घे. एकवीस वर्षं थांबलीय ती.

आणि ढोल थांबले. तो मोकळा श्वास आला. पार्सनने माइक ओठांशी नेला आणि नाव ठेवलं. कसं ठेवलं ते मी तुम्हाला सांगू शकत नाही. तोच शहाण्णवचा आवाज, जराही खरखर नाही.

पुढचं आमच्या हातून झालं. मी म्हणणार नाही की ठरवून झालं. पावकिलोने दार बडवलं, बहिणींनी टेबल, मी भिंत. सगळे ओरडत होते. बॅरीचा हात आपोआप रेकॉर्डवर गेला आणि त्याने ती सर्रकन मागे ओढली. पंधरा वर्षांनी पार्सनला रिवाइंड मिळाला होता. त्याचा चेहरा असा उजळला की तसा मी त्याच्या लग्नातही पाहिला नव्हता. रेकॉर्ड पहिल्यापासून वाजली, ढोल परत थांबले, आणि रिवाइंडनंतर जसं करायचं असतं तसं त्याने छाती भरून घेतली, दुप्पट जोर लावला. आवाज आला नाही. नुसती हवा आली, मग खोकला, मग रुमालावर रक्त.

बॅरीने स्पीकर बंद केले. आम्ही त्याला गाडीत घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सांगितलं की ऑपरेशनपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही, कुजबुजायचंही नाही. पार्सनने मला अंगठा वर करून दाखवला. त्याच्या दृष्टीने काम फत्ते झालं होतं.

फोनमधलं कोणी लगेच ऐकलं नाही. त्या गडबडीत सुचलंच नाही. गुरुवारी त्याला ऑपरेशनला आत नेल्यावर रोशेल आणि मी बाहेरच्या बाकावर बसलो होतो, तेव्हा तिने फोन काढला. एक इअरफोन तिच्या कानात, एक माझ्या. बराच वेळ गाणं. मधून कपबश्यांचा आवाज, कोणाचं तरी नाक शिंकरणं. रोशेलने माझा हात धरला. ढोल थांबले.

“रो” ऐकू आलं. फक्त तेवढं. त्याच्यावर एका बाईची किंचाळी, मागे घे, मागे घे बॅरी, आणि मग नुसता दणदणाट.

रोशेलने ते मागे घेऊन पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा लावलं. त्या वेळी तिचं लक्ष पार्सनकडे नव्हतं, ती फोनवरचा लाल ठिपका चालू आहे ना ते बघत होती, असं ती म्हणाली. म्हणजे त्या दणदणाटात तिनेही ते पुरतं ऐकलं नव्हतं. ऑपरेशनच्या दारावरचा दिवा अजून लाल होता. एक नर्स आमच्यासमोरून ट्रॉली ढकलत गेली.

“ही बाई कोण आहे, आंटी?” रोशेलने विचारलं. “ही सगळ्यांच्या आधी ओरडली ती?”

मी इअरफोन काढून तिच्या हातात दिला.

“मी,” मी म्हणाले.