कॅमेरा नंबर एक

आमच्या गल्लीत त्या हिवाळ्यात तीन घरांचे पाण्याचे मीटर चोरीला गेले, म्हणून नवऱ्याने दोन वायरलेस कॅमेरे आणले. एक फाटकाच्या खांबावर बसवला, एक मागच्या अंगणात. मी चंदीगडच्या बत्तीस सेक्टरला नर्सिंगच्या मुलींना शिकवते, तो मोहालीत एका सॉफ्टवेअर कंपनीत. दिवसभर घराला कुलूप. मग कॅमेरे बघणार कोण? हा प्रश्न त्याने सांगलीला जाऊन सोडवला. माझ्या सासऱ्यांच्या मोबाइलवर अ‍ॅप टाकून दिलं.

सासरे टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. लोकांचे बंद पडलेले फोन चालू करण्यात सगळी नोकरी गेली. सासूबाई गेल्यापासून त्यांचा दिवस सरत नव्हता. अ‍ॅप आलं आणि त्यांनी सकाळी सात ते संध्याकाळी पाच अशी ड्युटीच लावून घेतली. जेवायला उठताना मला मेसेज यायचा, ‘अर्धा तास जागेवर नाही. लक्ष असू दे.’ मी तेव्हा वर्गात सलाइन कशी लावायची ते दाखवत असायची.

त्या कॅमेऱ्यातून बोलताही येतं, हे त्यांना आठवड्याने कळलं. त्यांनी पहिलाच प्रयोग एका कुरिअरवाल्यावर केला. “कौन है? किसको मंगता है?” असं खांबातून ऐकू आल्यावर तो पार्सल तिथेच टाकून गेला. समोर झाडाखाली एक बाई इस्त्रीची गाडी लावते, तिने मात्र खांबाला नमस्कार केला. त्या दिवसापासून दोघांचं जमलं. ती त्यांना बाऊजी म्हणायची. ते रोज तिच्या गुडघ्याची चौकशी करायचे, तिळाचं तेल लावायला सांगायचे. गल्लीतली माणसं येता-जाता खांबाला राम राम करू लागली. मला आधी लाज वाटली, मग सवय झाली.

एप्रिल लागला आणि फाटकाचा कॅमेरा बंद पडायला लागला. मागचा ठणठणीत, पुढचाच मधूनमधून गायब. सासऱ्यांनी लगेच फॉल्ट रजिस्टर घातलं आणि प्रत्येक तक्रारीला नंबर दिला. लेक्चर चालू असताना फोन यायचा. “अगं, कॅमेरा नंबर एक डेड आहे. तक्रार क्रमांक अकरा. लिहून घेतलंस का?” लिहून घेतल्याशिवाय ते फोन ठेवत नसत. माझ्या वहीत रक्तदाबाच्या नोंदींखाली कॅमेऱ्याच्या तक्रारी जमू लागल्या.

नवरा रोज घरी आल्यावर शिडी लावायचा. माझ्या साडीची पिन कॅमेऱ्याच्या बारीक भोकात खुपसून रीसेट करायचा, मग मोबाइल त्याच्या डोळ्यासमोर धरून उभा राहायचा. कॅमेऱ्यातली बाई इंग्रजीत म्हणायची, जोडणी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. कॅमेऱ्याच्या कंपनीने सांगितलं, दोष तुमच्या इंटरनेटचा. इंटरनेटवाल्याचा माणूस आला, त्याने सोफ्यावर बसून वेग मोजला आणि दोष कॅमेऱ्याचा म्हणून गेला. वर राहणारे घरमालक अंकलजी म्हणाले की शेजारी वाय-फाय चोरत असणार. आम्ही पासवर्ड बदलला. तेव्हा अंकलजींचंच इंटरनेट बंद पडलं, आणि ते इतके दिवस आमच्यावर चालत होतं हे आम्हाला कळलं. आम्ही नवा पासवर्ड त्यांना देऊन टाकला.

इस्त्रीवालीचं मत होतं की बाऊजींना नजर लागली आहे. तिने खांबावर लिंबू-मिरची बांधली. त्या दिवशी कॅमेरा नेमका संध्याकाळपर्यंत चालला आणि वाऱ्यावर लिंबू हललं की आम्हा तिघांच्या मोबाइलवर ‘हालचाल आढळली’ असा इशारा वाजत राहिला. लिंबू काढा असं तिला सांगायचं धैर्य कोणाला होईना. शेवटी सासऱ्यांनीच कॅमेऱ्यातून विनंती केली.

तिढा रजिस्टरनेच सोडवला. शनिवारी सासऱ्यांचा फोन आला. आवाज खाली आणला होता, जणू कोणी ऐकेल.

“सकाळी साडेसात ते पावणेआठ, याच वेळेत जातो तो. आणि संध्याकाळी आपोआप येतो. त्या वेळेला तुम्ही काय करता?”

मी आठवून सांगितलं. उठतो, डबे भरतो, मी कूलरमध्ये पाणी सोडते.

“कूलर कुठं आहे?”

पुढच्या खोलीच्या खिडकीत. राउटर त्याच खोलीत, कूलरच्या मागे. कॅमेरा खिडकीसमोर फाटकावर. म्हणजे मधे पत्र्याची एक टाकी, आणि तिच्यात रोज सकाळी काठोकाठ पाणी. संध्याकाळी कूलर चालून पाणी खाली गेलं की कॅमेऱ्याला थोडी वाट मिळायची. लिंबाच्या दिवशी आमच्या भागात पाणीच आलं नव्हतं.

सासऱ्यांना लगेच खात्री हवी होती. रविवारी दुपारी बारा वाजता ‘लाइन टेस्ट’ ठरली. नवरा शिडीवर कॅमेऱ्यापाशी, अंकलजी शिडी धरून, मी आतल्या बाजूने कूलर ढकलायला आणि इस्त्रीवाली बाहेरून ओढायला. दोन शेजारी नुसतेच बघायला आले. भरलेला कूलर खिडकीतून काढणं म्हणजे म्हशीला जिन्यावरून उतरवणं. पाणी माझ्या अंगावर, तिच्या पायावर. नवरा सारखा “हॅलो, बाबा, हॅलो” करत होता. खांब गप्प. कूलर वीतभर सरकला, तरी गप्प. शेवटी तो स्टँडसकट अंगणात उतरला आणि खांबातून घसा खाकरल्याचा आवाज आला.

“हॅलो चंदीगड. येतोय का आवाज?”

शेजाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. इस्त्रीवाली पदराने डोळे पुसत म्हणाली, “बाऊजी, बड़े दिन लगा दिए.” सासऱ्यांनी आधी तिचा गुडघा विचारला, मग आमची विचारपूस केली. मी सगळ्यांना चहा टाकला. अर्धा तास फाटकापाशी गप्पा चालल्या, त्यात निम्म्या खांबाशी.

मग अंकलजी हात धुवायला मागच्या अंगणात गेले आणि तसेच परत आले. म्हणाले, नळ नाही.

नळ खरंच नव्हता. पितळेचा जुना, जड नळ होता. आता भिंतीतून नुसता पाइप बाहेर आला होता. मीटरही गेला होता. आम्ही मागच्या कॅमेऱ्याचं चित्रण उघडलं. साधारण पन्नाशीचा, टोपी घातलेला एक माणूस मागच्या फाटकातून सावकाश आत येतो, पिशवीतून पाना काढतो आणि उकिडवा बसून कामाला लागतो. घाई अजिबात नाही. आवाज स्वच्छ आला होता. तो नळ फिरवत असताना मागून सतत आमचंच ऐकू येतं, “हॅलो, बाबा, हॅलो.” टाळ्या वाजल्या तेव्हा तो क्षणभर थांबला, त्याने घराकडे बघितलं आणि पुन्हा पाना धरला.

सासऱ्यांना सांगायचं कसं हा प्रश्नच नव्हता, त्यांनी ते सांगलीत आमच्याबरोबरच पाहिलं होतं. मग त्यांचा फोन आला.

“मी पुढचाच बघत बसलो,” ते म्हणाले. “मागचा चालू होता म्हणून बघितला नाही.”

मी म्हटलं, “बाबा, आम्ही तर तिथेच होतो.”

याने त्यांना काही बरं वाटलं नाही. दोन दिवस ते ड्युटीवर आले नाहीत. नवऱ्याने फोन केला की जेवण झालं, झोपतो आता, एवढंच. तिसऱ्या दिवशी त्यांनी आपणहून मला फोन केला. ते चित्रण त्यांनी पुष्कळ वेळा पाहिलं होतं. “त्यानं आधी कॉक बंद केला, बघितलंस का? मग नळ काढला. अंगणात पाणी सांडू दिलं नाही. शिकलेला माणूस आहे.” आवाजात राग नव्हता, जुन्या सहकाऱ्याबद्दल बोलावं तसं बोलत होते. मग म्हणाले, आता प्लास्टिकचा नळ लावा, तो कोणी नेत नाही.

कूलर आम्ही झोपायच्या खोलीच्या खिडकीत नेला. पुढच्या खोलीत जूनमध्ये बसवत नाही, पण कॅमेरा चालतो. सासरे आता दहा मिनिटं पुढे, दहा मिनिटं मागे, असं घड्याळ लावून बघतात. मागच्या अंगणात येतात फक्त अंकलजी, टॉवेल वाळत घालायला. दोघांनाही कमी ऐकू येतं. एक सांगलीच्या हिंदीत बोलतो, दुसरा पंजाबीत, आणि तासभर बोलतात.

परवा अंकलजी खाली येऊन म्हणाले, छतावर पण एक कॅमेरा बसवून घ्या, खर्च माझा. मी विचारलं, छतावरून काय चोरीला जाणार?

“चोरी नहीं जी,” ते म्हणाले. “शाम को मैं ऊपर बैठता हूँ.”