जावयाच्या हातून सुरू झालेलं घर

माझ्या जावयाने मला फसवलं, आणि दुकानदार ते उघड्या डोळ्यांनी बघत राहिला. हे आधीच लिहून ठेवतो, कारण नातेवाइकांत हीच गोष्ट हल्ली ‘काळजी’ या नावाने फिरते आहे.

मल्लेश्वरममधलं घर मी नव्याने बांधलं, तेव्हा दिवे, पंखे, गीझर, दार सगळं फोनवरून चालणारं हवं असा मुलीचा हट्ट होता. बायको गेल्यापासून मी एकटा राहतो, त्यात हृदयात स्टेंट घातलेला. माझी हरकत नव्हती, फक्त वस्तू मी निवडणार होतो. पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत भाड्याच्या लेथवर सुरुवात करून मी स्वतःचा कारखाना उभा केला. वस्तू पारखायला मला कुणी शिकवू नये.

दुकानदार आपल्याच लोकांतला, पिढ्यान्‌पिढ्या इथला आणि घरी मराठी बोलणारा. त्याने काउंटरवर तीन गोष्टी मांडल्या. भिंतीत बसवायचा काचेचा पडदा, बोललेलं ऐकणारा स्पीकर आणि साबणाच्या डबीएवढी एक पांढरी डबी, जी घरातली सगळी उपकरणं फोनशी जोडते. पडदा मी लगेच बाजूला सारला. बिघडला तर भिंत कोण फोडणार? स्पीकरलाही नाही म्हटलं. दिवसभर कान देऊन बसणारं माणूस मी घरात ठेवत नाही, मग यंत्र कशाला ठेवू? राहिली डबी. करंट गेला तर काय, इंटरनेट गेलं तर काय, भिंतीवरची साधी बटणं चालतील का, सगळं विचारून घेतलं. मग भावावर आलो.

“अण्णा, स्वल्प माझ्याकडे पण बघा,” तो म्हणाला. “तुमच्यासारखी अजून गिऱ्हाईकं आली तर दुकानाला कुलूप लावावं लागेल.”

“लाव. आणि तसलंच एक मला दे. फोनवरून उघडणारं. वर म्हणून, फुकट.”

मी उठून दारापर्यंत गेलो, तेव्हा कुठे त्याने “सरी, घ्या” म्हणून कुलूपही खोक्यात टाकलं. त्या संध्याकाळी मी फार खूश होतो.

वास्तुशांतीच्या दिवशी तो स्वतः बसवायला आला. “कुणाच्या फोनवरून सुरू करू?” त्याने विचारलं. आमच्याकडे नवं यंत्र मानाच्या माणसाच्या हातून सुरू होतं. माझं स्वतःचं पहिलं लेथ सासऱ्यांनी सुरू केलं होतं. समोर जावई बसला होता, कपाळाला कुंकू लावून. मी म्हटलं, “जावईबापूंच्या.” त्याने फोनवर बोट टेकलं आणि घरभर दिवे लागले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नंतर दुकानदाराने माझाही फोन जोडून दिला. माझ्या बोटानेही दिवे लागत होते, दार उघडत होतं. वेगळं काही आहे हे मला कसं कळणार?

डॉक्टरांनी कारखान्यात जायला मनाई केली होती. मी जायचोच. मशीनशेजारी खुर्ची टाकून बसलं की मला बरं वाटतं, याहून वेगळं कारण नाही. असाच एकदा जाऊन आलो आणि सकाळी मुलीचा फोन.

“अप्पा, काल दिवसभर काय केलंत?”

“काय करणार? घरी पडलो होतो.”

“सकाळी गेलात ते दिवेलागणीला आलात. खोटं का बोलता?”

मला वाटलं फोरमन फितूर झाला. माझ्याबरोबर उभं आयुष्य घालवलेला माणूस, त्याला मी सगळ्यांसमोर चुगलखोर म्हटलं. त्याने हात पुसले आणि बाहेर गेला. दुसऱ्या दिवशी कामावर आला, पण माझ्याबरोबर कॉफी घेतली नाही.

पुढच्या रविवारी मुलगी आणि जावई जेवायला आले. मी दही आणायला खाली गेलो. परत येऊन दार उघडलं, तर टेबलावर पडलेला जावयाचा फोन उजळला. मी वाकून वाचलं. ‘मुख्य दार उघडले’, आणि पुढे माझं नाव. त्याने फोन पालथा घातला.

“बाबा, ते जस्ट नोटिफिकेशन आहे. सगळ्यांना येतं.”

“मला तर तुमचं कधी आलं नाही.”

ते गेल्यावर मी त्याचं नाव काढायला बसलो. फोन म्हणाला, ही परवानगी फक्त मालकाला आहे. आणि मी कोण? सदस्य. तडक दुकान गाठलं.

“घराचे मालक तुम्हीच, अण्णा,” दुकानदार म्हणाला. “पण डबीचे ते. ज्याच्या फोनवरून पहिल्यांदा सुरू होते त्याच्या नावावर राहते. त्यांनी सोडली तरच तुमच्याकडे येईल.”

“लेथचं बटण माझ्या सासऱ्यांनी दाबलं. म्हणून लेथ त्यांचं झालं का रे?”

“तुम्ही जावयाला मान देत होता. चार लोकांत मी मध्ये कसं बोलणार?”

“भाव करताना बरा बोलत होतास!”

त्याच्याच दुकानातून जावयाला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, “बाबा, मी लगेच तुमच्या नावावर करतो. फक्त तिला एकदा विचारतो.”

तिला विचारतो. म्हणजे माझी मुलगी यात होती.

डबी उपटून फेकणं अवघड नाही. भिंतीवरची बटणं आहेत, दाराला दुसरं कुलूप मिळेल. पण मी ते करणार नाही. तसं केलं की हे दोघे सुटतात, आणि म्हातारा चिडून यंत्र फेकून बसला एवढीच गोष्ट उरते. मला डबी त्यांच्याच हातून परत हवी आहे.

पोरी, तू माझ्या समोर ये. फोनवर नको, नवऱ्याला पुढे करून नको. काळजी होती तर तोंडावर सांगायचं होतंस. मी भांडलो असतो, आरडाओरडा केला असता, पण आपल्यावर पहारा आहे हे मला माहीत असतं. माझ्याच दाराला माझ्यावर नजर ठेवायला लावायचं, हे आधी कुणाला सुचलं? त्याला की तुला? उत्तर तू द्यायचं आहेस.