न शिंकणारं भूत

आम्हाला आमचा भूतबंगला सुधारायचा होता आणि तिला होळीला आपल्या गावी जायचं होतं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल हे मला सुरुवातीला कळलं नाही. कळलं तोवर मी घोळ घालून बसले होते. तेव्हा हे लिहिताना मी स्वतःला फार सांभाळून घेणार नाही.

पुरुषोत्तमनगरात माझं शिवणकामाचं दुकान आहे. ब्लाउज, फॉल-पिको, शाळेचे गणवेश. धाकट्या भावाचा मंडपाचा धंदा. घरात बांबू, दोर आणि कापडाचे गठ्ठे कायम पडलेले, त्यामुळे तापीकाठच्या जत्रेत भूतबंगला टाकायची कल्पना त्याला सुचली यात नवल नव्हतं. त्याचे दोन मित्र भुतं व्हायला तयार झाले. एक रंगारी आणि दुसरा म्हसावदचा वायरमन. भुतांचे कपडे मी शिवले. अगदी मापं घेऊन. रंगाऱ्याच्या पांढऱ्या झग्याला मी पिकोसुद्धा केला होता.

पहिलं वर्ष पार फसलं. भिंती लग्नाच्या मंडपाच्या, गुलाबी आणि पिवळ्या. बाहेरचे दिवे लागले की आत सगळीकडे गुलाबी उजेड पसरायचा आणि त्यात आमचं भूत हळदीच्या नवरदेवासारखं उभं दिसायचं. शिवाय लोक मोबाइलची बॅटरी लावून फिरत. एका आजीबाईंनी तर वायरमनला विचारलं, जेवलास का रे बाबा?

"आक्का, लोके हासी ऱ्हायनात," भाऊ रडवेल्या तोंडानं म्हणाला.

मीही हसत होते, हे त्याला दिसलं नाही.

दुसऱ्या वर्षी त्यानं अंधाराचा बंदोबस्त करायचं ठरवलं. काळं कापड महाग पडत होतं. मग नंदुरबारच्या एका मिरचीवाल्या शेठकडून त्यानं रिकामी पोती आणली, गाडीभर. जाड, गडद, दोन पदरी लावली तर दुपारीसुद्धा हात दिसू नये. मी ती दाभणानं शिवत बसले. शिवताना डोळ्यांतून पाणी येत होतं, तेव्हाच मला समजायला हवं होतं. आमच्या जिल्ह्यातल्या माणसाला मिरचीची इतकी सवय असते की ती आहे हेच लक्षात राहत नाही.

जत्रेच्या पहिल्या संध्याकाळी आत गर्दी झाली, पायांनी जमीन हलली, भिंती हलल्या आणि पोत्यांतली मिरचीची भुकटी उडाली. आधी रंगारी शिंकला. मग वायरमन. मग पंचवीस माणसं एकदम. भूत किंचाळायला तोंड उघडी आणि शिंकून मोकळं होई. बाहेर रांगेतल्या लोकांना वाटलं, आत काहीतरी औषध फवारलंय.

"भूत कधी शिंकस का?" भावानं मला विचारलं. जसं काही ती चूक माझ्याच नाकाची होती.

पोती झटकून, उलटी करून, रात्रभर नदीच्या वाऱ्यावर टाकून बराच फरक पडला, पण आमच्या दोन्ही भुतांची नाकं कामातून गेली होती. मी वैतागून म्हटलं, अरे, मग ज्याच्या नाकाला मिरची लागतच नाही असं माणूस आण. मी चेष्टेनं म्हटलं होतं. भावानं ते मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी तो शेठच्या पथारीवर गेला. पथारी म्हणजे जिथे लाल मिरची वाळत घालतात ते मोकळं रान. तिथून तो एका बाईला घेऊन आला.

"हाई बाई शिंकतच नही," तो अभिमानानं म्हणाला.

पन्नाशीची असेल. सातपुड्यातली. हातात चांदीचे जाड वाळे, बोलणं मोजकं. घरी ती पावरी बोलणारी, आमच्याशी बाजारात शिकलेली अहिराणी. चार वर्षं पथारीवर मिरचीचे देठ खुडत होती. जत्रेपुरती ती माझ्याकडे राहिली. पहिल्याच दिवशी जेवताना तिनं मला सांगितलं की तिला यंदा होळीला गावी जायचं आहे. चार होळ्या हुकल्या, म्हणाली. डोंगरातली माणसं कामाला कुठेही गेलेली असोत, होळीला घर गाठतात, हे मला माहीत होतं. पण मला वाटलं, शेठ सुट्टी देत नसेल. मी शेठला चार शिव्या हासडल्या आणि तिला आणखी एक भाकरी वाढली.

भूत म्हणून ती काय करायची? काहीच नाही. हीच तर गंमत होती. आमची पहिली दोन भुतं हातवारे करायची, ओरडायची, अंगावर धावून यायची. ही शेवटच्या वळणावर केस मोकळे सोडून नुसती उभी राहायची. माणसं जवळ आली की हळूच मान वळवायची. लोक जे किंचाळत, ते जत्रेतल्या घोड्यांच्या बाजारापर्यंत ऐकू जाई. दोन दिवसांत आमच्या दारात पाळण्यापेक्षा मोठी रांग लागली.

आणि मग मी शहाणपणा केला. उचलली जीभ, लावली टाळ्याला. भावाला म्हटलं, नुसतं भूत काय भूत करतोस, तिला काहीतरी नाव दे, बोर्ड लाव. काय नाव देऊ? म्हटलं, दे काहीतरी डोंगरातलं. डाकीण म्हण.

रंगाऱ्यानं तासाभरात बोर्ड रंगवला. भोंगा सुरू झाला. "देखा, देखा, सातपुडानी डाकीन देखा!" मी खुर्चीत बसून भजी खात होते आणि माझ्या कल्पनेवर खूश होते.

ती वाचू शकत नव्हती, पण भोंगा तर ऐकू येतच होता. अर्ध्या तासानं आतली माणसं हसत बाहेर यायला लागली. शेवटच्या वळणावर कोणीच नाही, असं लोक सांगू लागले. मागे जाऊन बघितलं तर एका पोत्याची शिवण उसवलेली आणि ती गेलेली. रात्री माझ्या घरीही आली नाही.

भाऊ चिडला, भुताला ऐन हंगामात पाय फुटले म्हणून. मला मात्र काहीतरी टोचत होतं. सकाळी पहिली एसटी पकडून मी नंदुरबारला गेले. ती पथारीवरच होती, लालभडक मिरचीत बसून देठ खुडत. मी शेजारी बसले आणि शिंकत राहिले. दहा-बारा शिंका झाल्यावर तिनं पदराचं टोक पाण्यात भिजवून माझ्या नाकाशी धरलं. मग बोलली.

"तू भोंगामा मन्हं तेच नाव लिधं, ताई."

चार वर्षांपूर्वी तिच्या दिराच्या मुलाला ताप आला होता. उतरेना. कुणीतरी तिच्याकडे बोट दाखवलं. मूल बरं झालं, पण बोट खाली आलं नाही. तिला डाकीण ठरवून गावाबाहेर काढलं. नवरा आधीच वारलेला. मुलगा गावातच राहिला, शेत करतो, फोन करतो. त्यानं चार वर्षं एकेकाला समजावलं होतं. दीर नरम पडला होता. जाऊ म्हणाली होती, होळीला येऊ दे, बघू. आणि काल पोत्यांच्या फटीतून तिला रांगेत आपल्या गावचे दोघे दिसले होते, डोक्यावर आमचा भोंगा बोंबलत असताना.

ते दोघे जाऊन काय सांगतील हे तिनं सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. मला माझीच भयंकर चीड आली. ज्या शब्दापायी माणसांची घरं सुटतात, प्रसंगी जीव जातात, तो शब्द मी भजी खाता खाता उचलून दिला होता. पेपरात आम्ही हे वाचतो, हळहळतो आणि त्याच कागदात पोळ्या गुंडाळतो. मी तिचे हात धरले आणि म्हटलं, मी आजच भोंग्यावरून सगळ्या जत्रेला सांगते की तसलं काही नसतं, तू साधी कष्टाची बाई आहेस.

"भोंगा नको," ती म्हणाली. "परत मन्हं नाव नको लेवू."

बरोबर होतं तिचं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. मी तिच्याबरोबर देठ खुडू लागले. एक ढीग संपल्यावर तीच बोलू लागली. त्या वळणावर उभं राहून तिनं जे पाहिलं होतं ते आम्ही तिकिटं फाडणाऱ्यांनी कधीच पाहिलं नव्हतं. लोक घाबरतात, म्हणाली, मग त्यांना रस्ता सापडत नाही. बाया भिंत चाचपत राहतात. पोरं रडतात. माझ्याकडून पळतात, पण कुठे पळायचं ते कळत नाही.

"त्यासले बाहेर कोन काढस? कोनीच नही."

मग म्हणाली, दिवा दे मला. मी काढते.

संध्याकाळी मी तिला घेऊन परत आले. बोर्ड मी स्वतः उतरवला आणि भावासमोर त्याचे दोन तुकडे केले. त्याला कारण सांगितलं, तेव्हा तो मान खाली घालून उभा राहिला. पण दिव्याचं म्हणणं काही त्याच्या गळी उतरेना. "दिवा दिसना तं मंग कोन घाबरी?"

"तू गप बस. एकदाव करी देख," मी म्हटलं.

शेवटच्या वळणावर ती कंदील घेऊन उभी राहिली. केस बांधलेले, अंगावर तिचं नेहमीचं लुगडं. भोंग्यावर आता एवढंच होतं: "मझार अंधारं शे, शेवट दिवा शे." आत अंधार आणि शेवटी दिवा असं आधीच सांगितलं तर भीती कमी होईल, असं आम्हाला वाटलं होतं. झालं उलटंच. शेवटी दिवा आहे म्हटल्यावर लोकांनी मोबाइल आपणहून खिशात घातले. इतके दिवस ती बॅटरी भुताची चेष्टा करायला नव्हती, वाट सापडेल की नाही या धास्तीनं होती. सुटका ठरलेली असली की माणूस मनसोक्त भ्यायला तयार होतो. मग आम्ही अंधार दुपटीनं वाढवला. एक वळण जास्त केलं. आणि त्यानंतर तो कंदील, आणि त्यामागे एक शांत बाई, जी प्रत्येकाला म्हणायची, या, इकडून. लोक तिच्या पाया पडायचे बाकी होते. एका बाईनं तर बाहेर येऊन तिच्याबरोबर फोटो काढला.

तिच्या मनात काय चाललं होतं, मला दिसत होतं. येणाऱ्या प्रत्येक चेहऱ्यावर ती कंदील जरा जास्त वेळ धरायची.

जत्रेच्या शेवटच्या रविवारी दुपारनंतर ते आले. दीर आणि जाऊ. ते तिला बघायला आले की भांडी घ्यायला, मला अजून माहीत नाही. तिनं त्यांना येताना पाहिलं नव्हतं, ती आत होती. मीही आत होते, कारण रंगाऱ्याचं नाक शेवटपर्यंत सुधारलं नाही आणि त्याचा पिको केलेला झगा मी घातला होता. तोंडाला पीठ फासून नव्या वळणावर दबा धरून बसले होते. दीर घोळक्यातून पुढे निघून गेला, तरातरा. जाऊ मात्र माझ्यासमोरच थबकली. मी ओरडलेसुद्धा नाही, तरी ती भिंत चाचपू लागली. पुढेही जाईना, मागेही येईना.

पलीकडून कंदील हलला. आमची बाई वळणावरून आत आली आणि जावेला बघून जागीच थांबली. तिच्या थांबण्यावरूनच मी ओळखलं, ही कोण ते. कंदिलाच्या उजेडात दोघींचे चेहरे मला दिसत होते. वाटलं, आता जाऊ किंकाळी फोडणार, तोच शब्द उच्चारणार आणि माझ्या भावाच्या पोत्यांच्या खोलीत एका बाईचं गाव कायमचं संपणार.

आमच्या बाईनं कंदील डाव्या हातात घेतला आणि उजवा हात पुढे केला. पावरीत काहीतरी म्हणाली, दोनच शब्द. जाऊ तशीच उभी. मागच्या लोकांचा रेटा यायला लागला, कुणीतरी शिट्टी वाजवली. मग जावेनं तो हात धरला. घट्ट, दोन्ही हातांनी.

मी झगा सावरत त्यांच्या मागोमाग बाहेर आले. बाहेर लख्ख ऊन होतं. दिवा लागत नव्हता, कुणी हात धरायची गरज नव्हती आणि समोर अख्खी जत्रा होती, त्यात त्यांच्या गावची माणसंही असतील. तरी जावेनं हात सोडला नव्हता. दीर त्या दोघींकडे बघत राहिला. त्यानं खांद्यावरची पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली, खाकरला आणि काहीतरी बोलला. आमची बाई कंदील हातात घेऊन खालीच बसली.

मला भाषा कळत नव्हती. वायरमनला कळते, डोंगरात तारा ओढायची कामं त्यानं वर्षानुवर्षं केली आहेत. मी त्याला हलवून विचारलं, काय म्हणाला तो?

"म्हणतोय, तुझ्या घराची कुडाची भिंत पडलीय. लिपायला चार दिवस जातील. होळीच्या आधी ये."

मी तिथेच रडले. पिठावरून ओघळ आले आणि एक माणूस मोबाइल धरून मला म्हणाला, ताई, असंच थांबा. मी थांबले.

ती माघातच गेली. यंदाच्या जत्रेत कंदील धरायला मला उभं राहावं लागलं.