रुंद टायरची जीप

आमचा शेजारी नागापूरच्या कारखान्यात फिटर आहे. सुट्टीच्या दिवशी तो अंगणात आजोबांची जुनी जीप दुरुस्त करत बसतो. एखादा नट आवळून झाला की बॉनेट थोपटून विचारतो, "आता बरं वाटतंय का गं?"

त्याची आई चाकांच्या खुर्चीत असते. उंबरा उंच आहे, त्यामुळे ती घरातच असते. "उंबरा फोडू नये, लक्ष्मी जाती," असं तो म्हणतो.

गेल्या रविवारी त्याने जीपला रुंद टायर बसवले आणि ती फाटकातून निघेना. दुपारपर्यंत त्याने फाटकाचा खांब पाडला. जीप रस्त्यावर आली. नारळ मीच फोडला.

उंबऱ्याआतून आईनं विचारलं, "निघाली का रं भायेर?"

"निघाली की!" म्हणत त्याने बॉनेट थोपटलं. "आता बरं वाटतंय का गं?"