तिघांचा अबोला

नंदा गेल्याचा फोन अण्णांना आला, मला नाही. मी परसात धुणं वाळत घालत होते. ते मोबाईल हातात धरून समोर येऊन उभे राहिले आणि त्यांच्या तोंडाकडे बघूनच मला कळलं. तरी त्यांनी सांगितलंच, "नंदी गेली." मग माझ्या हातातला पिळलेला टॉवेल काढून घेतला आणि स्वतःच दोरीवर टाकला, उलटा आणि वाकडा. उभ्या संसारात या माणसानं कधी टॉवेल वाळत घातला नव्हता. नांदेडची बातमी वर्षानुवर्षं आधी माझ्याकडे यायची आणि मी ती त्यांना सांगायचे. त्या सकाळी पहिल्यांदा उलटं झालं... त्याला आता महिना उलटून गेला. पुरवणीसाठी काही लिहा म्हणून तिच्या कॉलेजातल्या मंडळींनी गळ घातली, तेव्हा कुठे आज बसले आहे.

डॉ. महानंदा, आमची नंदा, ही माझी नणंद. नांदेडला कॉलेजात समाजशास्त्र शिकवायची. अण्णा म्हणजे माझे यजमान, तिचे थोरले भाऊ. उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, आमचं आडतीचं दुकान आहे आणि सगळा मोंढा त्यांना अण्णा म्हणतो, म्हणून मीही इथे तेच लिहिते. लग्न होऊन या घरात आले तेव्हा नंदा माझ्याच वयाची होती. पहिल्याच दिवशी चुलीपुढे येऊन म्हणाली, "वैनी, मी तुला अगं म्हननार. चालंल ना?" सासूबाईंच्या कपाळाला आठी पडली, पण आमचं जमून गेलं ते कायमचं. तिनं लग्न केलं नाही. का, म्हणून विचारलं की म्हणायची, दुसऱ्यांच्या घरातलं बघण्यातच दिवस जातो, स्वतःचं कधी मांडू?

तिच्या अभ्यासाचा विषय ऐकून लोक हसत. विषय होता अबोला. माणसं एकमेकांशी का भांडतात यावर पुष्कळांनी लिहून ठेवलंय, असं तिचं म्हणणं. पण भांडण झाल्यावर तीच माणसं एका छपराखाली, एका कचेरीत, शेजारशेजारच्या टेबलांवर वर्षानुवर्षं न बोलता कशी राहतात आणि काम कसं चालवतात, हे तिला बघायचं होतं. त्यासाठी ती कुठेही जाऊन बसे. सोबत कापडी पिशवीत भुईमुगाच्या शेंगा. प्रश्न विचारायची नाही, पिशवी मध्ये ठेवायची. लोक शेंगा फोडता फोडता आपणच बोलायला लागत, आणि फोलपटांचा ढीग झाला की नंदाचं त्या दिवसाचं काम झालेलं असे. शेंगा आमच्याच घरच्या, भाजून द्यायचं काम माझं.

या अभ्यासानं पहिला बळी घेतला तो आमच्याच घराचा. झालं असं, की तेव्हा अण्णांचा आणि दुकानातल्या मुनीमजींचा अबोला चालू होता. मुनीमजी सासऱ्यांच्या वेळचे. ओल्या सोयाबीनवरून दोघांची कधीतरी जुंपली होती. दोघं एकाच गादीवर बसायचे, पण मी घरून चहाचे दोन थर्मास पाठवायचे, एक अण्णांचा, एक मुनीमजींचा. नंदानं ते बघितलं आणि लातूरच्या एका व्याख्यानात सांगून टाकलं. तशी हुशारी करून, गाव बदललं, आडनाव बदललं, सोयाबीनची तूर केली... थर्मास मात्र दोनच ठेवले. दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आलं. उदगीरच्या मोंढ्याला काय, तेवढं पुरे होतं. हमालापासून व्यापाऱ्यापर्यंत जो तो दुकानापुढून जाताना विचारायचा, "काय अण्णा, आज कोन्त्या थर्मासातला पाजता?"

अण्णांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. नंदा पेढे घेऊन समजूत काढायला आली. "नाव तं बदललं व्हतं की, अण्णा," म्हणाली. अण्णा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत मला म्हणाले, "हिला म्हनावं, नाव बदललं तं थर्मास का न्हाई बदलला?" त्या घडीपासून त्यांनी तिच्याशी अबोला धरला. गंमत अशी, की तिकडे मुनीमजीही तितकेच भडकले होते. त्या रागात दोघं एक झाले, एका थर्मासातला चहा प्यायला लागले. दुकानातला अबोला सुटला आणि घरात येऊन बसला. नंदा या गोष्टीवर स्वतःच इतकी हसायची की डोळ्यांतून पाणी यायचं. पण शेवटी शेवटी ते पाणी कशाचं, हे मला ओळखू यायला लागलं होतं.

तिचं येणंजाणं कधी थांबलं नाही. सणावाराला यायची, भावाच्या पंक्तीला बसून जेवायची. फक्त दोघं एकमेकांशी बोलायचे नाहीत, माझ्याशी बोलायचे. अण्णा म्हणत, "तिला म्हनावं, चुलीत घाल तुझं संशोधन, तब्येतीकडं बघ, वाळून काडी झाली." मी तिला सांगे, "तब्येतीकडे बघ म्हणतात." ती म्हणे, "त्याला सांग, स्वतःचं पोट बघ म्हनावं आधी." मी त्यांना सांगे, "तुमचीच काळजी करत होती." ती मुखेडहून आली तो दिवस मला अजून आठवतो. तिथल्या एका कचेरीत दोन कारकुनांचा जुना अबोला होता आणि फायली शिपाईमामा इकडून तिकडे नेत. मग कॉम्प्युटर आले. साहेबांना वाटलं, आता बोलायची गरजच नाही, काम धावेल. पण काम उलट अडकायला लागलं. कारण मामा नुसती फाइल नेत नव्हते, "हा माणूस दोनदा येऊन गेला, बिचाऱ्याचं करून टाका" हेही नेत होते, आणि ते कॉम्प्युटरवर उमटत नव्हतं. साहेबांनी फायली पुन्हा मामांच्याच हाती दिल्या. पुढे मामा मुलीच्या लग्नाला मोठ्या रजेवर गेले. साहेब बदली माणूस मागवणार होते, नंदानं त्यांना विनवून थांबवलं. काही दिवस कचेरीत नुसती धुसफूस. आणि एक दिवस एक कारकून मान वर न करता दुसऱ्याला म्हणाला, "पंखा जरा कमी करा, कागद उडायलेत."

एवढं सांगायला ती एसटीनं थेट उदगीरला आली होती. "माफी न्हाई, रडारड न्हाई. पंखा, वैनी, पंखा!" सांगत मला होती, पण आवाज ओसरीवर बसलेल्या अण्णांपर्यंत पोचेल असा. अण्णांनी पेपर आणखी वर धरला. पेपराआडून खुदकन आवाज आला तो मी ऐकला, तिनंही ऐकला असणार.

तिचं पुस्तक आलं तेव्हा त्यात एक घर होतं आणि त्या घरात निरोप पोचवणारी एक सून होती. आता यात थर्मास नव्हता, पण मी काय स्वतःला ओळखणार नाही? चांगली तणतणले. "मला विचारलंस का?" तर म्हणाली, "विचारलं असतं तं तू शहाण्यासारखी वागायला लागली असतीस. मंग मी काय लिहू?" त्यात तिनं लिहिलं होतं की अबोला दोघांचा कधीच नसतो, तो तिघांचा असतो. मधलं माणूस दोन्हीकडचं कडू काढून टाकून तेवढं गोड पोचवतं, म्हणून दोघांनाही न बोलणं सोयीचं होतं. मला राग यायला हवा होता. पण शिक्षिका म्हणून शाळेत जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांची भांडणं सोडवलेली बाई मी, आपण इतकं महत्त्वाचं काम करतो हे छापून आलेलं बघून मनातून सुखावले, खोटं कशाला बोलू.

मग तिला आतड्याचा कॅन्सर निघाला. निदान झालं तेव्हाच फार पसरलेला होता. मी नांदेडला जाऊन राहिले. अण्णांचा रोज संध्याकाळी मला फोन. "काय करायली? खाल्लं का काही? तिला म्हनावं, लातूरला मोठा डाक्टर हाय, हट्ट करू नको." मी सांगत होते, ती ऐकत होती, ती सांगत होती, ते ऐकत होते. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आता फार दिवस नाहीत. त्या दुपारी मी नंदाला म्हटलं, "मी उदगीरला जाते आणि त्यांना हाताला धरून घेऊन येते. पुरे झाला हा पोरखेळ."

"न्हाई," ती म्हणाली. "तू आनलंस तं तो तुझ्यासंगं आल्यासारखा येईल, तुझ्याशीच बोलंल, अन् जाईल. तू मधून ऊठ, वैनी. घरी जा. त्याचा निरोप मला देऊ नको, माझा त्याला देऊ नको."

"आणि ते आलेच नाहीत तर?"

"तं न्हाई," ती खिडकीकडे बघत म्हणाली.

माझा तोल सुटला. माणूस मरणाच्या दारात बसलंय आणि हिला प्रयोग सुचतात, असं मी तोंडावर बोलले. ती हसायला गेली आणि तिला रडू फुटलं. इतक्या वर्षांत मी तिला तसं रडताना पाहिलं नव्हतं. "प्रयोग न्हाई गं," म्हणाली, "मला माझा भाऊ पायजे. तुझ्यातून गाळून आलेला न्हाई. शिव्या दिल्या तरी चालंल, पन त्याच्या तोंडून."

शेजारच्या बाईंवर तिला सोपवून मी बसमध्ये बसले. मुखेड येईपर्यंत तिच्यावर चिडले होते, तिथून पुढे नुसती भीती वाटत होती. घरी पोचले तर अण्णा दारातच. "काय म्हनली?" मी म्हटलं, "मला माहीत नाही." "म्हंजे?" "बहीण तुमची आहे. तुम्ही विचारा." ते ताटावरून अर्धपोटी उठले. मग जे दिवस गेले ते मलाच ठाऊक. घरात त्यांच्या येरझाऱ्या. एकदा आडून, "आज थंडी हाय, नांदेडला बी असंल." मी भाकरी थापत राहिले. ओठावर आलेलं सगळं दातांखाली दाबलं, कारण तिचे किती थोडे दिवस उरलेत ते मला दिसत होतं आणि त्यांना दिसत नव्हतं. सांगावं तर तिला दिलेला शब्द मोडतो, न सांगावं तर ती तशीच जाते. शेवटी त्यांनी मुनीमजींना गळ घातली, की तुम्ही तिला फोन लावा आणि विचारा. मुनीमजी आता पार थकलेत. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "अण्णा, आपलं आपन बोलावं. मी मेलो तं कोनाला सांगताल?" हे मला मुनीमजींनीच नंतर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे अण्णा लग्नाला घालायचा सदरा घालून निघाले. कुठे, ते बोलले नाहीत, मी विचारलं नाही. दारात चपला घालत असताना 'नंदाला सांगा' एवढे शब्द माझ्या तोंडाशी आले होते. काय सांगायचं, ते पुढचंही तयार होतं. मी पदर तोंडाला लावला आणि आत गेले.

ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परतले. पाण्याचा तांब्या देताना मी विचारलं, "भेट झाली?" "हाव." "काय म्हणाली?" त्यांनी पाय धुतले, पंच्यानं नीट पुसले आणि म्हणाले, "आमचं झालं बोलून." बस. मी नंदाला फोन लावला, तर ती खोकत खोकत हसली. "वैनी, तुझी नोकरी गेली बघ." आधी कोण बोललं, काय बोललं, भांडले की रडले, तिनंही काही सांगितलं नाही. मला आनंद किती झाला ते लिहिता येत नाही. देवापुढे दिवा लावला. आणि मग, खरं सांगते, तेवढंच वाईट वाटलं. त्या दोघांमधला शब्द न् शब्द माझ्या हातून गेलेला, आणि नेमके हेच शब्द तेवढे माझ्याकडे नाहीत. दोन दिवस मी फुरंगटून बसले होते. कोणाच्या लक्षातही आलं नाही.

त्यानंतर ती जितके दिवस होती, तितके दिवस अण्णा दुकानातून आले की मोबाईल घेऊन माडीवर जायचे. कधी खाली हसू ऐकू यायचं, कधी मोठ्यानं वाद. एकदा तर त्यांनी तिला चांगलंच झापलं, आणि मी खाली भाजी चिरता चिरता मनात म्हटलं, मिळाला गं तुला, न गाळलेला.

आता ती नाही. तिची माती उदगीरलाच झाली, भावानं खांदा दिला. घर पूर्वीसारखं चाललं आहे. पण दिवेलागणीला अण्णा अजून मोबाईल घेऊन माडीवर जातात. कोणाला लावत नाहीत, आता कोणाला लावणार? तरी थोड्या वेळानं वरून पुटपुटल्यासारखं ऐकू येतं, मध्येच थांबतं, जसं कोणी समोरून बोलत असावं तसं, आणि पुन्हा सुरू होतं. शेजारीण परवा विचारत होती, अण्णा एकटेच कोणाशी बोलतात? मी तिला काही सांगितलं नाही. ते वर गेले की मी उठते, शब्द कानावर पडू नयेत म्हणून जिन्याचं दार हळूच लोटून घेते, आणि स्वयंपाकाला लागते.